दगड थांबतो, अनुदान थांबत नाही

हिमनदी मागे सरते तेव्हा सोबत वाहून आणलेले धोंडे वाटेतच टाकून जाते. अशाच एका बैलाएवढ्या धोंड्याच्या माथ्यावर एक मुलगी छिन्नी-हातोडा घेऊन बसली आहे. तिला हवा आहे तो दगडाचा अगदी वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर. बर्फाखाली असेपर्यंत हा धोंडा अंतराळातून येणाऱ्या किरणांपासून झाकलेला होता. बर्फ हटला त्या दिवसापासून ते किरण त्याच्यावर आदळायला लागले आणि त्यातल्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० चे, म्हणजे बेरिलियम या धातूच्या एका किरणोत्सारी प्रकाराचे, अणू साठत गेले. किती साठले ते मोजलं की बर्फ तिथून कधी गेला ते कळतं. पण मोजणं सोपं नाही. दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा, चुंबक फिरवून लोहाचे कण वेगळे करायचे, उरलेली पूड आम्लात पुन्हा पुन्हा धुवायची. पिशवीभर दगडातून मूठभर शुद्ध क्वार्ट्झ उरतं. त्यातून काढलेलं चिमटीतही न मावणारं बेरिलियम शेवटी ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटर या अणू मोजणाऱ्या यंत्रावर जातं. अशी यंत्रं जगात मोजकीच आणि तिथं कायम रांग. हातोड्याच्या पहिल्या घावापासून आकडा हाती येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

ही मुलगी माझ्या ओळखीची. पीएचडीनंतर तिला स्वतःच्या नावावरचं पहिलं अनुदान मिळालं, ते दोन वर्षांचं. पहिला हंगाम परवानग्यांत गेला. त्या खोऱ्यात शिरायची वाट वर्षातले जेमतेम दहा आठवडे उघडी असते, आणि परवानगीचा कागद आला तेव्हा नवा बर्फ पडायला लागला होता. दुसऱ्या वर्षी ती गेली. बावीस धोंड्यांचे नमुने पाठीवर वाहून आणले, दळले, धुतले. यंत्रावरची तिची पाळी आली ती अनुदान संपल्यावर सात आठवड्यांनी. यंत्राच्या भाड्यासाठी राखलेले पैसे तोवर लॅप्स झाले होते. मुदतवाढीच्या अर्जावर उत्तर आलं की प्रकल्प बंद झाला आहे. त्या बावीस नमुन्यांच्या चिमुकल्या बाटल्या, प्रत्येकीवर तिच्या बारीक अक्षरातला क्रमांक, एका खोक्यात तशाच राहिल्या.

यात कुणी नियम मोडला नव्हता, आणि मला सलतं ते हेच. सगळे नियम पाळले गेले आणि तरी प्रवासाचा, मजुरीचा, रसायनांचा खर्च पाण्यात गेला, कारण शेवटचा लहानसा हप्ता सात आठवडे थांबू शकला नाही. दहा हजार वर्षं उघड्यावर पडलेला धोंडा आणखी दोन महिने खुशाल थांबला असता.

तरुण भूवैज्ञानिकांना पैसे कमी मिळतात ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. मला त्याहून मोठा दोष दिसतो तो पैसे देण्याच्या रीतीत. नवख्या संशोधकाच्या वाट्याला येणारा पैसा उशिरा येतो, लहान लहान तुकड्यांत येतो, आणि काय सापडणार हे आधीच लिहून घेऊन येतो. एकूण रक्कम आहे तेवढीच ठेवली, पण ती लवकर दिली, पाच-सहा वर्षं पुरेल अशी दिली आणि निष्कर्ष आधी वदवून घेतला नाही, तर निम्मं दुखणं तिथंच बरं होईल असं माझं ठाम मत आहे.

हे इतर विज्ञानांनाही लागू पडेल, पण पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर सोमवारी पुन्हा लावता येतो. पूर पुन्हा लावता येत नाही. ज्वालामुखीला तारीख देता येत नाही. नदीनं एका पुरात किती गाळ आणला हे बघायचं तर पूर यावा लागतो, आणि दोन वर्षांच्या अनुदानात दोन्ही वर्षं कोरडी निघाली तर संशोधकाच्या हाती कोरडं पात्र उरतं. अहवालात मग ‘उद्दिष्ट साध्य झाले नाही’ असं लिहावं लागतं. हा शेरा पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. आभाळाचा दोष माणसाच्या नावावर लिहिला जातो.

कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डची गोष्ट या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. सान अँड्रियास भ्रंशावरच्या, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेवरच्या, या लहानशा वस्तीत १८५७ ते १९६६ या काळात सरासरी बावीस वर्षांच्या अंतरानं, जवळपास सारख्या ताकदीचे सहा भूकंप झाले होते. त्या हिशेबावरून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं १९८५ मध्ये अंदाज जाहीर केला की पुढचा भूकंप १९९३ संपण्याच्या आत होईल. भोवती यंत्रांचं दाट जाळं बसवलं गेलं. १९९३ संपलं, भूकंप आला नाही. अंदाज चुकला हे जगजाहीर झालं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला, अकरा वर्षं उशिरा, पण अपेक्षित होता त्याच पट्ट्यात आणि तेवढ्याच ताकदीचा. यंत्रं चालू होती म्हणून तो इतक्या जवळून आणि इतक्या बारकाईनं नोंदला गेला की तोवर फार थोडे भूकंप तसे नोंदले गेले होते. मोठ्या सरकारी संस्थेची पाठ भक्कम होती म्हणून ही अकरा वर्षं निभावली. हाच प्रयोग एखाद्या तिशीतल्या संशोधकाच्या नावावर असता तर १९९३ च्या अखेरीस त्याची यंत्रं काढून नेली असती आणि पुढची नोकरीही अवघड झाली असती.

काय सापडणार ते आधी लिहून द्या, या अटीबद्दलही बोलायला हवं. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपाननं देशभर भूकंपमापकांचं जाळं उभारलं. हे मापक विंधनविवरांत, जमिनीखाली खोल बसवले, म्हणजे वरच्या वाहनांची आणि वाऱ्याची खडखड तिथं पोचू नये. उद्देश होता नेहमीचे भूकंप नीट टिपण्याचा. २००२ मध्ये काझुशिगे ओबारा यांनी त्या नोंदींत एक वेगळीच थरथर दाखवून दिली: माणसाला न जाणवणारी, दिवसेंदिवस चालणारी, एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली जातो तिथून खोलातून येणारी. भूपट्ट हादरा न देता हळूहळूही सरकतात हे त्याच सुमारास जगात इतरत्रही दिसू लागलं होतं, आणि दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्यावर भूकंपशास्त्राची एक नवी शाखाच उभी राहिली. ही थरथर कुठल्याही प्रस्तावाच्या ‘अपेक्षित फलित’ या रकान्यात लिहिता आली नसती, कारण ती आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

नवख्या माणसाकडे मात्र अर्जासोबत ‘प्राथमिक निष्कर्ष’ मागितले जातात. ते मिळवायला पैसा लागतो आणि पैसा मिळवायला ते लागतात. आधी विहिरीचं पाणी दाखव, मग कुदळ देतो, असा हा व्यवहार आहे. व्यवहारात यातून वाट काढतात ती अशी: मार्गदर्शकाच्या जुन्या प्रकल्पातला उरलेला तुकडा घ्यायचा, त्यालाच नवं नाव द्यायचं आणि तोच अर्ज करायचा. स्वतःचा प्रश्न बाजूला पडतो. तो दहा वर्षांनी, कायम नोकरी मिळाल्यावर, वेळ उरला तर बघायचा.

स्वतःचा प्रश्न बाजूला पडण्याची किंमत किती असते याची साक्ष भूविज्ञानाचा इतिहासच देतो. १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन केंब्रिजमध्ये पीएचडी करत होते, वय चोवीस. त्यांचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग या पाण्याखालच्या पर्वतरांगेवर चुंबकीय मोजणी करून आणली होती. समुद्रतळावर दिसणारे उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे म्हणजे मधल्या रांगेतून नवा तळ सतत बाहेर पडत असल्याची, आणि त्या त्या काळी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला होतं त्याची नोंद आहे, असं दोघांनी मांडलं. कॅनडात लॉरेन्स मोर्ली यांनी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला होता. दोन नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला. आज शाळेच्या पुस्तकात असलेली कल्पना तेव्हाच्या जाणत्या परीक्षकांना छापण्याजोगी वाटली नाही. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर यांनी भूपट्टांची हालचाल गोलावरच्या भूमितीत बसवली. मॅकेन्झी तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

तरुणांचं डोकं अधिक तल्लख असतं असा माझा दावा नाही. पंचविशीतला माणूस आकड्यांच्या सगळ्यात जवळ बसलेला असतो एवढंच. नोंदवही त्याच्या हातात असते, विचित्र दिसणारा बिंदू आधी त्याला दिसतो, आणि पूर्वी छापलेलं कुठलंही मत त्याला सांभाळायचं नसतं. त्या बिंदूमागे जायची मुभा त्याच वेळी मिळाली पाहिजे. पस्तिशीत मिळून उपयोग नाही, कारण तोवर तो बिंदू ‘यंत्राची चूक’ म्हणून खोडलेला असतो.

आता निवडीकडे येतो. अनुदान देणाऱ्या संस्था सांगतात की आम्ही उत्तम अर्ज निवडतो. अगदी उत्तम आणि अगदी कच्चे अर्ज ओळखू येतात हे मला मान्य आहे. अडचण मधल्या गर्दीत असते. नेदरलँड्समधल्या नवोदित संशोधकांच्या अनुदानांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडीच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली गुण मिळालेल्या, म्हणजे गुणवत्तेनं जवळपास सारख्याच उमेदवारांची त्यात तुलना होती. रेषेच्या वर राहिलेल्यांनी पुढच्या आठ वर्षांत खालच्यांपेक्षा दुपटीहून अधिक निधी मिळवला. याचं एक कारण वाचून मला वाईट वाटलं: खाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. अर्ध्या गुणाच्या फरकावर, परीक्षकाच्या एखाद्या दिवसाच्या मूडवर, एका माणसाची वाट ठरते आणि नंतर आपण त्याला गुणवत्ता म्हणतो.

म्हणून या मधल्या गर्दीत चिठ्ठ्या टाकाव्यात या मताचा मी आहे. ऐकायला हे बेजबाबदार वाटतं. पण न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेनं २०१३ पासून आपल्या एका योजनेत, आणि ब्रिटिश अकादमीनं २०२२ पासून छोट्या अनुदानांसाठी, ठरावीक दर्जा गाठलेल्या अर्जांमध्ये सोडत काढायला सुरुवात केली. सोडतीत हरलेल्याला निदान एवढं कळतं की त्याचं काम कमी दर्जाचं ठरलेलं नाही. पुन्हा अर्ज करायला लागणारं बळ त्यातून टिकतं.

अर्जांचं ओझं हा आणखी एक मुद्दा, आणि इथं भूविज्ञानाच्याच घरातलं उदाहरण आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या निधी देणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१५ मध्ये भूरूपशास्त्र, जलविज्ञान यांसारख्या चार कार्यक्रमांत अर्जाची अंतिम तारीखच काढून टाकली. वर्षातून कधीही अर्ज करा, असं सांगितलं. येणारे अर्ज निम्म्याहूनही कमी झाले. घाईघाईत, तारीख गाठायची म्हणून लिहिलेले अर्ज गळाले. ज्यांना खरोखर काही म्हणायचं होतं त्यांनी फील्डवरून परतून, नमुने बघून, मग लिहिलं. ज्याचा हंगाम आणि अर्जाची तारीख एकाच महिन्यात येतात त्याला यातून केवढी सुटका झाली असेल याची कल्पना डोंगरात तंबू ठोकून लॅपटॉपवर प्रस्ताव लिहिलेल्यालाच येईल.

यावर आक्षेप येतो की हा लोकांचा पैसा आहे. अनुभवी हातांत तो सुरक्षित राहतो आणि नवख्यांवर उधळला तर जाब कोण देणार? आक्षेप रास्त आहे, मी तो उडवून लावत नाही. जाब घेतलाच पाहिजे. पण कशाचा जाब, हे ठरवायला हवं. नमुने आणले का, ते नीट नोंदवून सांभाळले का, मोजणी इतरांना वापरता येईल अशी खुली ठेवली का, खर्चाचा हिशेब चोख आहे का, हे सगळं विचारा. पूर का आला नाही, हे विचारू नका. एका मोठ्या सागरी मोहिमेच्या खर्चात अशी कितीतरी पहिली अनुदानं बसतात. त्यातली काही फसतील. फसलेल्या अनुदानातूनही एक माणूस फील्ड शिकलेला, यंत्र उघडून दुरुस्त करू शकणारा बाहेर पडतो. तो खर्च वाया गेला असं मला म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो तरुणांकडूनच येतो: मोठी नवोदित-अनुदानं चार-दोघांना राजा करतात आणि त्यांच्या हाताखाली इतर तरुण वर्ष-वर्षाच्या करारावर राबतात. युरोपीय संशोधन परिषदेची स्टार्टिंग ग्रँट पाच वर्षांची आणि पंधरा लाख युरोपर्यंतची असते. तिची मुदत मला आदर्श वाटते. मुलाच्या जन्मामागे आईला अर्ज करण्याच्या पात्रतेची दीड वर्षं वाढवून देण्याची तिची सोयही इतरांनी उचलण्यासारखी आहे, विशेषतः जिथं गरोदरपणात फील्डवर जाताच येत नाही अशा विषयात. पण एकाला एवढी रक्कम देण्याऐवजी तिचे दहा भाग करून दहा जणांना पाच-पाच वर्षं दिले तर भूविज्ञानाचं अधिक भलं होईल असं मला वाटतं. नवख्याला फौज लागत नाही. त्याला स्वतःचा पगार, दरवर्षी एक हंगाम, यंत्रावरचा ठरावीक वेळ आणि न संपलेले पैसे पुढच्या वर्षात नेण्याची मुभा लागते.

पगाराचा मुद्दा मी मुद्दाम आधी घेतला. दर दोन वर्षांनी नवं शहर, नवा करार, नवा गटप्रमुख अशी फिरस्ती पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर करारावर काम करणाऱ्या संशोधकाच्या, नशिबी असते. ती कुणाच्याही संसाराला जाचते, पण भूवैज्ञानिकाच्या कामालाही ती मुळातून तोडते. एखादं खोरं ओळखीचं व्हायला वर्षं लागतात. कोणता ओढा पावसात रस्ता कापतो, कोणत्या दरडीचा दगड ताजा आहे, कुणाच्या शेतातून गेलं तर आधी विचारायचं, कोणत्या म्हाताऱ्याला जुन्या पुराची पातळी घराच्या भिंतीवर दाखवता येते. हे ज्ञान शोधनिबंधात येत नाही, पण त्याशिवाय शोधनिबंध होत नाही. दोन वर्षांनी माणूस दुसऱ्या खंडात गेला की ते सगळं पुसलं जातं आणि त्याच्या जागी आलेला पहिल्या ओढ्यापासून सुरुवात करतो.

शिकण्याच्या जागाही आटत आहेत. जॉइडीस रिझोल्यूशन हे समुद्रतळ खोदणारं जहाज १९८५ पासून वैज्ञानिक मोहिमांवर जात होतं. साधारण दोन महिन्यांची मोहीम, बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि एकाच टेबलाभोवती पीएचडीचे विद्यार्थी आणि त्या विषयातले नावाजलेले लोक मिळून नुकताच वर आलेला गाळाचा गाभा, म्हणजे तळ खोदून काढलेला लांब दंडगोल नमुना, वाचत असत. अनेकांची आयुष्यभराची कामं अशा एका मोहिमेतून सुरू झाली. २०२४ मध्ये त्याच्या वैज्ञानिक मोहिमा थांबल्या, पैशाच्या कारणानं, आणि त्याच्या जागी तसंच दुसरं जहाज उभं नव्हतं. आधी काढलेले गाभे जर्मनीतल्या ब्रेमेन, जपानमधल्या कोची आणि अमेरिकेतल्या टेक्सास इथल्या शीतगृहांत जपून ठेवलेले आहेत आणि त्यांत अजून कितीतरी प्रश्नांची उत्तरं आहेत. जहाज परत येईल तेव्हा येवो. तोवर या गाभ्यांवर काम करायला तरुणांना छोटी, पटकन मिळणारी अनुदानं देणं आजही शक्य आहे.

सगळ्यात दुर्लक्षित काम मी शेवटी ठेवलं आहे, कारण त्याला निधी मिळवणं सगळ्यात कठीण: नुसतं मोजत राहणं. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा ते तीस वर्षांचेही नव्हते. पहिला आकडा होता दहा लाखांत ३१३ भाग. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी जगभरात पैसा खुला झाला होता, त्यातून ही मोजणी उभी राहिली. पहिल्या दोन वर्षांत त्यांना उत्तर गोलार्धातल्या झाडांचा श्वास दिसला, उन्हाळ्यात आकडा उतरतो आणि हिवाळ्यात चढतो. एवढ्यावर एक उत्तम शोधनिबंध झाला. आजच्या पद्धतीनं प्रकल्प तिथंच ‘यशस्वीरीत्या पूर्ण’ झाला असता. पुढची चाळीसहून अधिक वर्षं कीलिंग हे मोजणं चालू ठेवण्यासाठी झगडले, कारण त्यांना वारंवार ऐकवलं गेलं की हे रोजचं नोंदीचं काम आहे, संशोधन नाही. आज तोच आकडा ४२० च्या पुढे आहे आणि हवामानबदलावरची कुठलीही चर्चा त्या आलेखाशिवाय पुढे सरकत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआ फुटला, लाव्हानं वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली. दोन-तीन आठवड्यांत शेजारच्या मौना केआवर यंत्रं लावून मोजणी पुन्हा सुरू झाली. १९६४ मध्ये खंड पाडला होता तो निधीकपातीनं, आणि तेव्हा शेजारी दुसरा डोंगर असून काही उपयोग नव्हता. कीलिंग यांच्या स्क्रिप्स संस्थेची मासिक नोंदींची फाइल कुणालाही उघडून बघता येते. त्यात १९६४ च्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलसमोर मोजलेल्या आकड्याच्या जागी -९९.९९ असं लिहिलेलं आहे.